नाममुद्रेचा शोध : मुले, चित्रपट, ध्वनिमुद्रणे आणि रचनाकार

प्रस्तावना

शालेय वयातील मुलांना अभिजात संगीताची ओळख करून द्यावी, याविषयी शिक्षणक्षेत्रात सहसा दुमत आढळत नाही. ही ओळख नेमकी कोणाची असावी, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. रागाची, गायकाची, घराण्याची, की ज्याने ती बंदिश बांधली त्या रचनाकाराची? परीक्षांच्या पुस्तिकांतून रागाचे आरोह-अवरोह येतात, वादी-संवादी येतात, थोर गायकांची छोटी चरित्रे येतात. रचनाकार मात्र बहुधा वगळलेलाच असतो. चित्रपट आणि ध्वनिमुद्रणे ही मुलांपर्यंत पोहोचणारी दोन प्रभावी माध्यमे ही उणीव भरून काढतात की ती अधिक गडद करतात, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

रायगडच्या किनारपट्टीवर या प्रश्नाला एक व्यावहारिक बाजू आहे. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातील विद्यार्थ्याला प्रत्यक्ष मैफल ऐकण्याची संधी क्वचितच मिळते. मुंबई मांडव्याहून लाँचने तासाभराच्या अंतरावर असली, तरी रात्रीची मैफल ऐकून त्याच रात्री गावी परतणे शाळकरी मुलाच्या आवाक्यातले नसते. पावसाळ्यात तर गेटवेची लाँचसेवा बंदच असते. शहरातील अभ्यासकाला चित्रपट आणि ध्वनिमुद्रण ही मैफलीची दुय्यम पर्याये वाटतील. येथील मुलासाठी मात्र तोच मुख्य रस्ता आहे. म्हणूनच त्या रस्त्यावर कोणाच्या नावाची पाटी लावली आहे आणि कोणाची नाही, हे तपासणे आवश्यक ठरते.

'वाग्गेयकार' ही संकल्पना

आरंभीच एक आक्षेप विचारात घ्यावयास हवा. 'कंपोझर' ही पाश्चात्त्य संगीताची कल्पना आहे, आपली परंपरा मौखिक असून तीत व्यक्तीचे नाव जाणीवपूर्वक विसर्जित केले जाते, सबब हिंदुस्थानी संगीतात रचनाकाराचा शोध घेणे म्हणजे परक्या मोजपट्टीने घर मोजणे होय, असा हा आक्षेप आहे. तो ऐकायला आकर्षक वाटतो. परंतु इतिहासाच्या कसोटीवर तो टिकत नाही. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' सिद्ध करणाऱ्या शार्ङ्गदेवाने रचनाकारासाठी 'वाग्गेयकार' ही संज्ञा वापरली आहे. 'मातू' म्हणजे शब्द आणि 'धातू' म्हणजे स्वररचना, या दोन्ही जो निर्माण करतो तो वाग्गेयकार. आणि त्याच्या गुणांनुसार उत्तम, मध्यम, अधम अशी प्रतवारीही त्या ग्रंथात केलेली आहे. ज्या परंपरेला रचनाकाराचे नाव नको असते, ती परंपरा रचनाकारांची प्रतवारी करीत बसत नाही.

दक्षिणेकडे ही जाणीव आजही व्यवहारात जिवंत आहे. कर्नाटक संगीताच्या मैफलीत कृती, राग आणि रचनाकार ही त्रयी एकत्रच सांगितली जाते. त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर व श्यामा शास्त्री ही नावे तेथील मुलांच्या कानांवर गाण्याबरोबरच पडतात. उत्तर हिंदुस्थानी पद्धतीत ख्यालाचा विस्तार गायकाच्या हाती गेला आणि रचनाकार मागे सरकला. तो नाहीसा झाला नाही, एवढे लक्षात ठेवणे पुढील विवेचनासाठी महत्त्वाचे आहे.

पाश्चात्त्य प्रयोग : पर्सेल आणि ब्रिटन

मुलांना रचनाकार ऐकवण्याचे प्रयत्न पश्चिमेकडे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच पद्धतशीरपणे सुरू झाले. मॉस्को येथील मुलांच्या रंगभूमीसाठी नतालिया सात्स यांच्या सूचनेवरून सेर्गेई प्रोकोफिएव्ह यांनी 1936 साली 'पीटर अँड द वुल्फ' ही रचना केली. तीत पक्ष्यासाठी फ्लूट, बदकासाठी ओबो, मांजरासाठी क्लॅरिनेट, आजोबांसाठी बसून आणि लांडग्यासाठी तीन हॉर्न अशी पात्रांची वाटणी आहे. 1940 साली वॉल्ट डिस्ने यांचा 'फँटेजिया' आला. त्यात प्रत्येक भागापूर्वी निवेदक डीम्स टेलर रचना आणि रचनाकार यांचा उल्लेख करतात. एवढी काळजी घेऊनही स्ट्राविन्स्की यांच्या रचनेची काटछाट आणि फेरमांडणी झालीच, आणि त्याबद्दल त्यांनी पुढे नापसंतीही व्यक्त केली. चित्रपट रचनाकाराचे नाव सांगतो, पण रचना आपल्या सोयीने वाकवतो. हे दोन्ही एकाच वेळी घडू शकते, याचा हा उत्तम दाखला होय.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद उदाहरण बेंजामिन ब्रिटन यांचे आहे. ब्रिटनच्या शिक्षण खात्याच्या 'इन्स्ट्रुमेंट्स ऑफ द ऑर्केस्ट्रा' या शैक्षणिक चित्रपटासाठी त्यांनी 1945 साली एक रचना केली. माल्कम सार्जंट यांनी तिचे संचालन आणि निवेदन केले व चित्रपट 1946 साली पडद्यावर आला. 'द यंग पर्सन्स गाइड टू द ऑर्केस्ट्रा' या नावाने ती पुढे जगभर प्रसिद्ध झाली. वाद्यांची ओळख हा तिचा उघड हेतू. तिच्या रचनेत मात्र आणखी एक धडा दडलेला आहे. ब्रिटन यांनी मूळ चाल स्वतः रचली नाही. सतराव्या शतकातील हेन्री पर्सेल यांच्या 'अब्देलाझर' या नाटकासाठीच्या संगीतातून ती घेतली. प्रथम पर्सेल यांची चाल संपूर्ण वाद्यवृंदावर वाजते, मग वाद्यांच्या एकेका समूहावर, मग ब्रिटन यांची एकामागून एक रूपांतरे सुरू होतात. अखेरीस ब्रिटन यांनी स्वतः बांधलेला फ्यूग गतीने पुढे जात असतानाच पितळी वाद्यांवर पर्सेल यांची मूळ चाल त्यावरून पुन्हा उगवते. अडीचशे वर्षांच्या अंतरावरचे दोन रचनाकार मुलाला एकाच वेळी ऐकू येतात, आणि कोणते कोणाचे हे कोणी समजावून न सांगताही कानाला कळते.

ही स्पष्टता आपल्याकडील चित्रपटांत आढळते काय, असा प्रश्न येथे साहजिकच उपस्थित होतो.

मराठी चित्रपटातील रचनाकार

मराठी चित्रपटाने रचनाकाराला नायक केले नाही, असे म्हणता येत नाही. उलट या बाबतीत आपली परंपरा समृद्ध आहे. 'प्रभात'चा 'संत तुकाराम' (1936), 'लोकशाहीर राम जोशी' (1947) आणि 'अमर भूपाळी' (1951) या तिन्ही चित्रपटांचे नायक शब्द आणि सूर निर्माण करणारे आहेत; शार्ङ्गदेवाच्या भाषेत ते वाग्गेयकारच होत. अडचण निराळीच आहे. हे चित्रपट रचनाकाराला चेहरा देतात, परंतु त्याची रचना आणि चित्रपटाच्या संगीतकाराची रचना यांतील सीमारेषा पुसून टाकतात.

'संत तुकाराम'मध्ये शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक पद इतके तुकारामांच्या वाणीशी एकरूप झाले की, अनेकांनी ते तुकोबांचेच मानले, आणि गाथेत ते शोधणारेही निघाले. ही गोष्ट आठवले यांच्या प्रतिभेची पावती म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. शिक्षणाच्या दृष्टीने मात्र तिची दुसरी बाजूही आहे. विष्णुपंत पागनीस यांच्या मुद्रेवरचा भाव, केशवराव भोळे यांचे संगीत आणि आठवले यांचे शब्द हे सर्व मुलाच्या मनात 'तुकाराम' या एकाच नावाखाली जमा होते. तीन आधुनिक निर्माते एका संताच्या नावात विरघळून जातात.

'अमर भूपाळी'ची गुंतागुंत याहून सूक्ष्म आहे. व्ही. शांताराम यांचा हा चित्रपट पेशवाईच्या अखेरच्या काळातील शाहीर होनाजी यांच्यावर आहे. पंडितराव नगरकर होनाजी झाले आहेत, संध्या नायिका आहेत आणि संगीत वसंत देसाई यांचे आहे. एका भूपाळीची निर्मिती हाच कथेचा गाभा असलेला असा दुसरा मराठी चित्रपट सहज आठवत नाही. एखादी रचना कोणीतरी एका विशिष्ट क्षणी घडवतो, ती आभाळातून पडत नाही, ही जाणीव मुलाला देण्यासाठी याहून चांगले साधन मिळणे कठीण. तरीही पडद्यावर ओठ हलवणारा होनाजी आणि कानांवर पडणारा वाद्यमेळ यांत शतकाहून अधिक काळाचे अंतर आहे. शब्द शाहिराचे, पण त्यांना वेढणारी वाद्ये, लता मंगेशकर यांच्या आवाजाची योजना, चढत जाणारी लय हे सर्व वसंत देसाई यांचे. पर्सेल-ब्रिटन यांच्याप्रमाणे येथेही दोन रचनाकार एकावर एक उभे आहेत. फरक इतकाच की, ब्रिटन यांनी जोड दाखवून दिला आणि 'अमर भूपाळी'ने तो बेमालूम लपवला. कथाचित्र म्हणून तो लपणे योग्यच आहे. शिक्षकाने तो उघडून दाखवला नाही, तर दोष चित्रपटाचा नव्हे. (जाता जाता नोंदवावयास हवे की, 'भूपाळी' हा पहाटे गावयाचा गीतप्रकार आणि 'भूप' हा रात्रीच्या पहिल्या प्रहरी गावयाचा राग यांत मुलांचीच नव्हे, तर मोठ्यांचीही गल्लत होते.)

यानंतरच्या काळात चित्रपटाचे लक्ष रचनाकाराकडून गायकाकडे वळले, आणि गायकाला नायक करायचे तर नाट्य कुठून आणायचे, या प्रश्नाला 'जुगलबंदी' हे ठरलेले उत्तर मिळाले. विजय भट्ट यांचा 'बैजू बावरा' (1952) हा या प्रवाहातील ठळक चित्रपट. अकबराच्या दरबारात बैजू आणि तानसेन यांचा सामना होतो, स्वरांनी शिळा विरघळते आणि बैजू जिंकतो. नौशाद यांनी त्यासाठी देसी रागात बांधलेल्या गाण्यात तानसेनाला उस्ताद अमीर खाँ यांचा आणि बैजूला पंडित दत्तात्रेय विष्णु पलुसकर यांचा आवाज आहे. शास्त्रीय संगीत न ऐकणाऱ्या लाखो घरांत हे दोन आवाज या एका गाण्याने पोहोचले, हे त्याचे ऋण अमान्य करता येणार नाही. तथापि तानसेन हे धृपदांचे रचनाकार होते आणि येथे दोघे जे गातात, त्याची घडण ख्यालाच्या अंगाची आहे. ज्या ख्यालाला सदारंग यांनी अठराव्या शतकात महंमदशहा रंगीले याच्या दरबारी वैभव दिले, तो येथे अकबराच्या दरबारात अवतरतो. कालविपर्यासापेक्षाही चिंतेची बाब म्हणजे संगीत ही हरण्या-जिंकण्याची गोष्ट असल्याचा संस्कार. 'बसंत बहार'मधील (1956) भीमसेन जोशी व मन्ना डे यांचे द्वंद्व, आणि थेट 'कट्यार काळजात घुसली' (2015), अशी ही साखळी आहे. पश्चिमही यातून सुटलेली नाही. मिलोश फोर्मन यांच्या 'अमॅडियस'ने (1984) मोत्सार्ट आणि सालिएरी यांच्यात असाच सामना रंगवला, आणि बिचारे सालिएरी जगभरच्या शाळकरी मुलांच्या मनात खलनायक होऊन बसले.

'कट्यार'चा विचार थोडा थांबून करावयास हवा. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे मूळ नाटक 1967 साली रंगभूमीवर आले. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे होते आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे होते. या नाटकातील अभिषेकी यांची कामगिरी रचनाकाराच्या दृष्टीने असामान्य आहे. दोन घराण्यांच्या गायकीतील भेद संवादांतून न सांगता त्यांनी तो एकाच पदाच्या दोन चालींतून ऐकवला. मातू तीच, धातू निराळी. चाल बदलली की त्याच शब्दांचे व्यक्तिमत्त्व कसे पालटते, हे समजण्यासाठी मुलांना याहून सोपा पाठ देता येणार नाही. सुबोध भावे दिग्दर्शित चित्रपटाने ही गाणी नव्या पिढीपर्यंत नेली, चित्रपटगृहे भरली, आणि घराघरांत मुले ती पदे गुणगुणू लागली. मात्र चित्रपटात अभिषेकी यांच्या जुन्या चाली आणि शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या चाली एकाच प्रवाहात वाहतात. 1967 कोठे संपते आणि 2015 कोठे सुरू होते, हे श्रेयनामावली बारकाईने वाचणाऱ्यालाच कळावे. आणि श्रेयनामावली वाचणारे मूल विरळाच.

'बालगंधर्व' (2011) आणि 'मी वसंतराव' (2022) हे चरित्रपट उघडच गायकांचे आहेत, त्यामुळे त्यांच्याकडून रचनाकाराची अपेक्षा करणे काहीसे अन्याय्य होईल. तरीही एक गोष्ट लक्षात येते. बालगंधर्वांच्या ज्या पदांवर महाराष्ट्राने जीव ओवाळून टाकला, त्यांतील 'मानापमान'च्या (1911) चाली गोविंदराव टेंबे यांच्या आणि 'स्वयंवर'च्या (1916) भास्करबुवा बखले यांच्या होत्या. बालगंधर्व हे नाव शाळकरी मुलाला आज ठाऊक असते. भास्करबुवांचे नाव पदवीच्या वर्गातही सांगावे लागते.

माहितीपटांचीही स्थिती फारशी निराळी नाही. 1948 साली स्थापन झालेल्या आणि पुढे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने संगीतावर मोलाचे काम केले. गुलजार यांनी भीमसेन जोशी यांच्यावर, नंदन कुढ्याडी यांनी मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यावर, जब्बार पटेल यांनी कुमार गंधर्व यांच्यावर केलेले माहितीपट वर्गात दाखवण्याजोगे आहेत. विषय येथेही गायकच. अपवाद कुमार गंधर्वांचा, कारण ते स्वतः 'अनूपरागविलास'चे (1965) कर्ते, म्हणजे गायक आणि वाग्गेयकार एकाच देहात.

ध्वनिमुद्रणे : तबकडीवरील नाव

ध्वनिमुद्रणाचा इतिहास या बाबतीत अधिक बोलका आहे. 1902 साली फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या तबकड्यांवर गाण्याच्या अखेरीस गायिका इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारताना ऐकू येते. तबकड्या हॅनोव्हरला तयार होत, आणि तेथील कामगारांना आवाज कोणाचा हे कळावे, अशी त्यामागची सोय होती. एका कारखान्याची ही सोय पुढे संपूर्ण परंपरेची सवय झाली. तबकडीच्या कागदी चकतीवर राग आणि गायक छापले जाऊ लागले, कॅसेटवर तेच आले, सीडीवर तेच आले, आणि आज मोबाइलच्या पडद्यावरही तेच दिसते. बंदिशकाराचे नाव या प्रवासात कोणत्याही टप्प्यावर आवर्जून नोंदवले गेले नाही. तीन-साडेतीन मिनिटांच्या मर्यादेत आलाप आणि ताना कापाव्या लागल्या, बंदिश मात्र बहुधा पुरी गावी लागे. म्हणजे ज्या माध्यमाने बंदिशकाराची कृती सर्वांत नेटकी जपली, त्यानेच त्याचे नाव टाकून दिले.

या विसंगतीचे सर्वांत दूर गेलेले उदाहरण सध्या सूर्यमालेच्या कडेपलीकडे आहे. 1977 साली अमेरिकेने सोडलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर पृथ्वीवरील सत्तावीस संगीतरचनांची सुवर्णतबकडी आहे. तीत गोव्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. मुलांना ही गोष्ट सांगितली की त्यांचे डोळे चमकतात, आणि ते स्वाभाविकच आहे. पण त्या तबकडीची यादी वर्गात वाचून दाखवावी. बाख, मोत्सार्ट, बेटहोवेन, स्ट्राविन्स्की यांची नावे रचनाकार म्हणून प्रथम, मग वादक आणि संचालक. भारताच्या ओळीत मात्र रागसंगीताचा उल्लेख, रचनेचे आरंभीचे शब्द आणि गायिकेचे नाव. रचनाकाराची जागा कोरी नाही, कारण तशी जागाच ठेवलेली नाही. हा दोष यादी करणाऱ्या परक्यांचा म्हणता येणार नाही. आपल्या तबकड्यांवर आपण जे छापत आलो, तेच अवकाशात गेले.

या टीकेला एक वजनदार उत्तर दिले जाते. हिंदुस्थानी संगीतात बंदिश म्हणजे केवळ बीज; गायक प्रत्येक मैफलीत तिचा नव्याने विस्तार करतो, सबब खरा रचनाकार गायकच, असे ते उत्तर आहे. त्यात तथ्यांश मोठा आहे. परंतु त्यातून बंदिशकाराचे नाव वगळण्याचे समर्थन निघत नाही. उलट अध्यापनाची एक पद्धत निघते. एकच बंदिश दोन गायकांच्या ध्वनिमुद्रणांतून एकापाठोपाठ ऐकवावी. दोन्हींत जे कायम राहते, म्हणजे शब्द, समेची जागा, मुखड्याचा तोंडवळा, ते बंदिशकाराचे. जे बदलते ते गायकाचे. ब्रिटन यांनी वाद्यवृंद राबवून जे साधले, ते दोन तबकड्या आणि एक शिक्षक यांच्या बळावर साधता येते. अश्विनी भिडे-देशपांडे यांनी 'रागरचनांजली' (2004) या आपल्या बंदिशींच्या संग्रहासोबत ध्वनिमुद्रिका दिली, तेव्हा स्वरलिपी, शब्द, आवाज आणि रचनाकाराचे नाव ही चारही अंगे एकत्र आली. मुलांसाठीच्या साहित्यात असा प्रयत्न होणे आवश्यक आहे.

अंतऱ्यात लपलेले नाव

वेष्टनावर नसलेले नाव गाण्यात मात्र असते. हिंदुस्थानी बंदिशकारांनी आपली नाममुद्रा बहुतांशी अंतऱ्यात गुंफून ठेवली आहे. न्यामतखाँ 'सदारंग' झाले. फैयाजखाँ 'प्रेमपिया', विलायत हुसेन खाँ 'प्राणपिया', श्रीकृष्ण नारायण रातंजनकर 'सुजान', जगन्नाथबुवा पुरोहित 'गुणिदास', चिंतामण रघुनाथ व्यास 'गुणिजान', रामाश्रय झा 'रामरंग'. भातखंडे यांनी 'चतुर' या नावाने लक्षणगीते रचली. गौहर जान यांना जे नाव तबकडीच्या शेवटी इंग्रजीत उच्चारावे लागले, ते या मंडळींनी लयीत आणि रागात आधीच बसवून ठेवले होते. फरक असा की, ते ऐकू येण्यासाठी कान त्या जागी न्यावा लागतो.

आणि येथे किनारपट्टीवरील मूल शहरी मुलाच्या मागे नाही, पुढेच आहे, असे म्हणावयास हरकत नाही. आगरी-कोळी वस्त्यांतून आणि ग्रामदैवतांच्या देवळांतून चालणारी भजने त्याने लहानपणापासून ऐकलेली असतात. पखवाज घुमू लागला, टाळ चढले आणि शेवटच्या चरणात 'तुका म्हणे' किंवा 'नामा म्हणे' आले की अभंग कोणाचा, हे त्याला विचारावे लागत नाही. 'एका जनार्दनी' म्हणजे एकनाथ, हेही त्याला कोणी पुस्तकातून शिकवलेले नसते. नाममुद्रेची संकल्पना त्याच्या अंगवळणी पडलेली आहे. ती अभंगाकडून बंदिशीकडे नेण्याचे काम तेवढे शिक्षकाचे. ब्रज भाषेतील शब्द सुरुवातीस परके वाटतील, उच्चार अस्पष्ट असतील, पण 'यात नाव कोठे आहे ते शोधा' असे सांगितलेले मूल बंदिशीचा अंतरा ज्या एकाग्रतेने ऐकते, ती 'रागाचे स्वर ओळखा' या प्रश्नाने येत नाही. नाव सापडणे हा शोध असतो, आणि आरोह-अवरोह पाठ करण्यात शोध नसतो.

या पद्धतीतही सावधगिरी हवी. सदारंग यांची नाममुद्रा असलेली प्रत्येक बंदिश सदारंग यांचीच, असे मानता येत नाही. थोरांच्या नावे रचना करण्याची प्रथा संतसाहित्याप्रमाणे संगीतातही होती. घराण्यागणिक शब्द बदलतात, कधी नाममुद्रेचा उच्चारच गायनात झिजून जातो. ही अनिश्चितता मुलांपासून लपवण्याचे कारण नाही. नामदेव आणि विष्णुदास नामा यांच्या अभंगांचा गुंता ज्या मराठीच्या वर्गात सांगता येतो, तेथे बंदिशीचाही सांगता यावा.

रोजची प्रार्थना

या चर्चेतील सर्वांत जवळचे उदाहरण अखेरपर्यंत राखून ठेवले आहे, कारण ते इतके जवळचे आहे की दिसत नाही. हृषीकेश मुखर्जी यांच्या 'गुड्डी' (1971) या चित्रपटाच्या आरंभी शाळेच्या परिपाठात मुली एक प्रार्थना म्हणतात. शब्द गुलजार यांचे, आवाज वाणी जयराम यांचा आणि संगीत वसंत देसाई यांचे. तेव्हापासून ती प्रार्थना चित्रपटातून बाहेर पडली आणि देशभरच्या असंख्य शाळांच्या परिपाठात जाऊन बसली. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ'मधील (1957) प्रार्थनाही तशीच शाळाशाळांतून म्हटली जाते. तिचे शब्द भरत व्यास यांचे आणि संगीत पुन्हा वसंत देसाई यांचेच. कोकणातील, तत्कालीन सावंतवाडी संस्थानातील सोनवडे गावी 1912 साली जन्मलेल्या या रचनाकाराच्या चालीने असंख्य मुलांची शाळा सुरू होते. ज्याने 'राम जोशी' आणि 'अमर भूपाळी'च्या शाहिरांना सूर दिले, तोच हा. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी 1966 साली संयुक्त राष्ट्रसंघात गायिलेल्या विश्वमैत्रीच्या संस्कृत रचनेची चालही त्यांचीच. शाळकरी मुलांकडून समूहगान करून घेण्यासाठी त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे खर्चिली. ज्या मुलांसाठी हे केले, त्यांच्या पुढच्या पिढ्या त्यांची चाल रोज गातात आणि त्यांचे नाव जाणत नाहीत.

'गुड्डी'तील प्रार्थना केदार रागावर आधारलेली आहे. म्हणजे जे मूल 'मला शास्त्रीय संगीत कळत नाही' असे म्हणते, त्याच्या कंठात केदार कित्येक वर्षे बसलेला असतो. संगीत शिक्षकाची नेमणूक नसलेल्या शाळेतही हे भांडवल शिल्लक असते, त्यासाठी अनुदान लागत नाही. प्रार्थनेनंतर केदारमधील एखादा ख्याल पाच मिनिटे ऐकवला, तर मुलांना आपलाच सूर परक्या घरात भेटल्यासारखे वाटेल. केदार हा रात्रीचा राग आहे आणि शाळा तो सकाळी गाते, याची मौजही त्यांना सांगता येईल; परंपरेचे नियम आणि शाळेची घंटा यांचे जमत नाही, एवढेच. त्याच चित्रपटात पावसाचे एक गीत मियाँमल्हारात आहे. ज्या मियाँ तानसेनांच्या नावाने तो राग ओळखला जातो, त्यांच्यापर्यंत जाण्याची ही वाट 'बैजू बावरा'तील शिळा वितळवणाऱ्या सामन्यापेक्षा अधिक भरवशाची आहे. जून ते सप्टेंबर या काळात किनारपट्टीवरच्या वर्गात खिडकीबाहेरच्या पावसाचा आवाज असतोच. मियाँमल्हार ऐकवण्यासाठी वेगळे वातावरण निर्माण करावे लागत नाही.

'गुड्डी'चा विषयच मुळी चित्रपटाच्या मोहजालात सापडलेल्या शाळकरी मुलीचा. पडद्यावरच्या नायकामागे किती अनाम माणसे राबतात, हे तिला दाखवून देणे हा त्या कथेचा रोख. त्याच चित्रपटातील प्रार्थनेच्या रचनाकाराचे नाव शाळांतून अनाम राहावे, हा योग विचित्र खरा. परिपाठाच्या वेळी रोज सुविचार सांगितला जातो, दिनविशेष सांगितला जातो, बातम्या वाचल्या जातात. प्रार्थनेपूर्वी 'शब्द गुलजार, संगीत वसंत देसाई, राग केदार' एवढे एक वाक्य विद्यार्थ्याने म्हणण्यास दहा सेकंदही लागणार नाहीत.